हातात देऊ नये, भेट देऊ नये

'सुरी हातात देऊ नये' आणि 'सुरी भेट देऊ नये' ही दोन वाक्ये आपल्याकडे हल्ली एकाच अर्थाने बोलली जातात. ती एक नाहीत. पहिले वाक्य स्वयंपाकघरातले आहे, जुने आहे, आणि ते पाळणाऱ्या बाईला त्याचे कारण विचारले तर ती बहुधा 'लागेल ना' एवढेच सांगते. दुसरे वाक्य भेटवस्तूंच्या जगातले आहे. त्याचे कारण मात्र सगळ्यांना पाठ असते: सुरी दिली की नाते कापले जाते. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, वास्तूवरची सदरे आणि राशिभविष्याच्या चौकटी हेच कारण दरवर्षी नव्याने छापतात. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा नाही. परंतु लोकाचारांवर गांभीर्याने लिहिणाऱ्यांनीही ही दोन वाक्ये वेगळी करून पाहिलेली फारशी दिसत नाहीत, आणि माझी तक्रार तिथे आहे. 'कापणारी वस्तू, म्हणून नाते कापते' हे स्पष्टीकरण इतके सोपे आहे की त्यापुढे कुणाला काही विचारावेसे वाटत नाही. मराठी घराचा, मराठी भाषेचा आणि एका गाजलेल्या मराठी नाटकाचा पुरावा मात्र त्याच्या बाजूने नाही.

हा प्रश्न आज कुठे उभा राहतो ते आधी सांगतो. दिवाळीच्या तोंडावर घाटकोपरच्या भांड्यांच्या दुकानांत, मुलुंडच्या महात्मा गांधी रोडवर किंवा बोरिवलीच्या बाजारात गेलात, तर झगमगीत कागदाच्या खोक्यात तीन-चार सुऱ्या, एक सोलाणे, एक कात्री आणि खाली चॉपिंग बोर्ड असा संच हमखास दिसतो. तो कचेरीतून वाटला जातो, वास्तुशांतीला दिला जातो, लग्नाच्या आहेरातही येतो. आणि मग घेणाऱ्या घरी एक छोटा प्रसंग घडतो. घरातली कुणी बाई देणाऱ्याच्या हातावर एक रुपया ठेवते: 'फुकट नको, हा घ्या.' दोघेही हसतात. रुपया मात्र घेतला जातो. याच दिवसांत 'धनत्रयोदशीला काय विकत घेऊ नये' अशी यादी छापून येते आणि तिच्यात सुरी, कात्री, टोकदार वस्तू यांचा मान पहिला असतो. गंमत अशी की त्याआधी वीसेक दिवसांवर खंडेनवमी होऊन गेलेली असते. त्या दिवशी घरातली विळी, सुरी, कोयता, कात्री धुऊनपुसून पाटावर मांडली जाते, हळदकुंकू लावले जाते, फूल वाहिले जाते. म्हणजे अश्विन शुद्ध नवमीला जे पूज्य, ते वद्य त्रयोदशीला अशुभ. शिवाय धनत्रयोदशी ही धन्वंतरीची. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्म शिकवणारा गुरू म्हणून ज्याचे नाव येते तो काशिराज दिवोदास धन्वंतरी. त्या ग्रंथात वीस धारदार शस्त्रांची गणना आहे. त्याच नावाच्या देवाच्या दिवशी पात्याला घराबाहेर ठेवायचे हे याद्या करणाऱ्यांना खटकत नाही, याचे कारण त्यांनी परंपरा पाहिलेली नसते. त्यांनी मागच्या वर्षीची यादी पाहिलेली असते.

आता पहिले वाक्य. विळी, सुरी किंवा कोयता दुसऱ्याच्या हातात थेट द्यायचा नाही, खाली ठेवायचा, आणि दुसऱ्याने तो उचलायचा. मीठ आणि मिरचीही अनेक घरांत अशीच, हातावर न देता, खाली ठेवून किंवा वाटीतून दिली जाते. 'दिली तर भांडण होते' असे म्हणतात. इथे लक्ष देण्याजोगी गोष्ट ही, की या नियमात देण्याला मनाई नाही. वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे जातेच. मनाई आहे ती दोन हात एकाच वेळी एका पात्यावर असण्याला. मध्ये जमीन येते. जमिनीवर ठेवल्या क्षणी वस्तू कुणाचीच नसते, आणि उचलणारा ती आपल्या इच्छेने उचलतो. ज्या घरात सासू-सून, जावा-जावा दिवसभर एकाच विळीभोवती वावरत, तिथे हा नियम किती शहाणपणाचा होता हे सांगायला नको. पण तो क्षणापुरता आहे. आयुष्यभराच्या नात्याबद्दल तो काही बोलत नाही.

भाषेकडे पाहिले तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. वैर सांगायला आपण 'विळ्या-भोपळ्याचे सख्य' म्हणतो. शब्द सख्याचा, अर्थ वैराचा. पण या म्हणण्यातला विळा भोपळ्याला कुणी भेट दिलेला नाही. ते दोघे एका घरात शेजारी राहतात, आणि एकाचे कामच दुसऱ्याला चिरणे आहे. म्हणजे पाते बाहेरून आले म्हणून बिघडले असे नाही, जवळ राहण्यातच ते बिघडणे आहे. सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी ती उरात खुपसून घेत नाही, अशीही एक म्हण आहे. ती मला भेटीच्या दृष्टीने जास्त बोलकी वाटते. सोन्याची सुरी काही कुणी बाजारातून भाजी चिरायला आणत नाही. ती मिळते, मानाने मिळते, थोरामोठ्यांकडून मिळते. म्हण सांगते की ती घ्यायला हरकत नाही, तिच्या मोलाला भुलू नका. अडकित्त्यात सापडणे, कात्रीत सापडणे, धारेवर धरणे, केसाने गळा कापणे हे सगळे प्रयोग पाहावेत. कापण्याची भीती भाषेत भरपूर आहे. पण 'भेट दिलेले पाते नाते तोडते' असा वाक्प्रचार माझ्या पाहण्यात तरी मराठीत नाही. जिथे भोपळ्यापर्यंत भाषा पोहोचली, तिथे तिने ही एवढी मोठी समजूत सोडून द्यावी हे संभवत नाही. समजूत नवी असावी, हेच मला जास्त पटते.

नवी का, याचे एक साधे कारण आहे. जुन्या गावात पाते भेट देण्याचा प्रश्न येतच नव्हता. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात लोहार हा गावाचा माणूस आहे. शेतकऱ्याचा विळा, खुरपे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ त्याने शेवटून द्यायचा, धार काढायची, आणि सुगीला आपला धान्याचा वाटा घ्यायचा. शिवाय घिसाडी गाढवांवर किंवा गाड्यांवर संसार घालून गावोगाव फिरत आणि रस्त्याकडेला भाता लावत. अशा व्यवस्थेत घरात आलेले पाते रोख विकत घेतलेले नसे आणि भेटही आलेले नसे. ते हक्काने येई, आणि त्याच्या बदल्यात वर्षाचे देणे चालू राही. ज्या वस्तूमागे एका कुटुंबाचा दुसऱ्या कुटुंबाशी पिढ्यांचा व्यवहार आहे, तिने नाते कापले जाते असे म्हणणे त्या गावाला कळले नसते. तिथे पाते हीच नात्याची खूण होती. ते नाते समतेचे नव्हते, हे आत्रे वाचताना पानोपानी जाणवते. पण तुटणारे तर ते मुळीच नव्हते.

घरातल्या विळीचेही तेच. पाट, पोळपाट, खवणी यांच्या जोडीने विळी मुलीच्या संसाराच्या भांड्यांत असे. कोकणात तिला मोरळी म्हणतात, मालवणीत आडाळो, गोव्यात आदोळी. बंगालात बोटी, आंध्रात कत्तिपीटा. सगळीकडे रचना एकच: पाते स्थिर, भाजी हलती, आणि चिरणारी बाई पायाने पाट दाबून बसलेली. सुरीत हात पाते चालवतो, विळीत हात भाजी चालवतो. हा फरक लहान वाटतो, पण भेटीच्या समजुतीत त्याचे वजन मोठे आहे. विळी हे हत्यार म्हणून हातात धरता येत नाही. ती उगारता येत नाही. ती जागेवर बसते, घराची होते. म्हणून तिला आहेरात कुणी घाबरले नाही. सुरी मात्र पहिल्यापासून हाताची, टोकाची आणि उगारता येण्याजोगी.

उपनगरांच्या घरात ही अदलाबदल आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर झाली. चाळीच्या खोलीत मोरीशेजारी बसून चिरणे होते. फ्लॅटमध्ये ओटा आला, ओट्याबरोबर उभे राहणे आले, आणि विळी बसायला जागा राहिली नाही. त्यात गुडघे. मुलुंड-भांडुपची किती तरी घरे अशी सापडतील, जिथे विळी माळ्यावर किंवा ओट्याखालच्या कप्प्यात आहे, नारळ खवण्यापुरती किंवा गणपतीत अळूवडीची पाने आणि फणस निघाले की बाहेर येणारी. तिची जागा सुरीने घेतली. आणि विळीबद्दलचा हातात न देण्याचा नियम सुरीला लागू होता होता भेट न देण्याचा झाला. जमिनीवर ठेवायला आता जमीन नाही, ओटा आहे. देणारे सासूसुना नाहीत, कचेरीतले सहकारी आहेत. नियमाची मूळ परिस्थिती गेली, भीती उरली, आणि भीतीला नवे कारण लागले. ते इंग्रजी शिष्टाचारातून आयते मिळाले असावे, कारण युरोपात सुरी भेट घेताना नाणे परत देण्याची चाल जुनी आणि सर्वज्ञात आहे.

इथे थोडे विषयांतर करतो. जात्याला आपल्याकडे केवढे भाग्य लाभले. गी पॉयटेवॅं आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर यांच्यापासून बायकांच्या गाण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष राहिले. विळीला यातले काही मिळाले नाही. कारण उघड आहे. दळणाला लय असते आणि वेळ लागतो, चिरताना लक्ष पात्यावर ठेवावे लागते. गात गात विळीवर बसणारी बाई बोट कापून घेईल. पण या शांततेचा परिणाम असा झाला की लोकसाहित्याच्या अभ्यासात विळी ही वस्तू म्हणून राहिली आणि तिचे देणेघेणे नोंदले गेले नाही. ती कुणी घेतली, कुणाच्या माहेरून आली, धाकट्या जावेने वेगळे होताना तिचे काय झाले, हे प्रश्न ओव्यांत सापडत नाहीत म्हणून कुणी विचारले नाहीत. गाण्यात जे नाही ते लोकजीवनात नाही, असे मानण्याची आपल्या लोकसाहित्याला खोड आहे.

कापणारे पाते नाते जोडते याचे सर्वांत ठळक उदाहरण तर रोजच्या बोलण्यात आहे. लग्न ठरले की 'सुपारी फुटली' म्हणतात. सुपारी फोडणे हे ठरावावरचे शिक्कामोर्तब आहे, आणि सुपारी फोडायला लागतो अडकित्ता. शब्दही बहुधा कानडी अडके, म्हणजे सुपारी, यावरून आपल्याकडे आला. आमंत्रणाला सुपारी, देवासमोर गणपती म्हणून सुपारी, पाहुण्याच्या हातावर कातरलेली सुपारी. हीच सुपारी मुंबईच्या बोलीत खुनाच्या कंत्राटाचे नाव झाली, हेही खरे. पण तिथेही अर्थ कापण्याचा नाही, बांधून घेण्याचा आहे: दिली आणि घेतली, आता शब्द फिरवता येणार नाही.

अडकित्त्याला दोन पाती आणि एक खिळा. धार आत वळलेली. मिटला की कुणाला लागत नाही. आणि तो स्वतःसाठी कमी, समोरच्यासाठी जास्त चालतो. सुपारी कातरून द्यायची असते. म्हणून मित्राने मित्राला, व्याह्याने व्याह्याला अडकित्ता द्यावा यात कुणाला वावगे वाटले नाही, उलट त्यावर कलाकुसर केली गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे, तो पाहिल्यावर हे पटते. पितळी, पोलादी, घोड्याच्या, पोपटाच्या आकाराचे, आणि स्त्री-पुरुषाच्या जोडीच्या आकाराचे. दोन पाती म्हणजे दोन माणसे, आणि ती मिटली की मिठी. कापण्याच्या यंत्रात कारागिराला मीलन दिसले, याहून 'नाते कापते' या समजुतीला काय उत्तर हवे? दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्य घालून हे जमवले, त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही संग्रहालयांच्या एका सवयीबद्दल बोलले पाहिजे, आणि ती एकट्या या संग्रहालयाची नाही. पाटीवर धातू असतो, प्रदेश असतो, शतक असते. वस्तू कुणी कुणाला दिली होती, हे नसते. अडकित्ता ही बघायची वस्तू होते आणि द्यायची राहत नाही. तिचा निम्मा अर्थ काचेच्या बाहेरच राहतो.

आता त्या नाटकाविषयी. दिलेल्या पात्याची मराठीतली सर्वांत प्रसिद्ध कथा 'कट्यार काळजात घुसली' ही आहे, आणि तिच्याकडे या नजरेने पाहिले गेलेले नाही याचे मला नवल वाटते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ च्या डिसेंबरात नाट्यसंपदेने रंगभूमीवर आणले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेब आफताब हुसेन वसंतराव देशपांडे. त्यावर जे लिहिले गेले ते बहुतेक घराण्यांच्या स्पर्धेवर, गायकीच्या दोन प्रकृतींवर, वसंतरावांच्या गाण्यावर आणि संगीत नाटकाच्या पुनरुज्जीवनावर. कट्यार म्हणजे मत्सराचे प्रतीक, शीर्षकातला श्लेष म्हणजे सुरांनी काळीज भेदणे, एवढ्यावर ती वस्तू निकालात निघते. पण कट्यार ही त्या नाटकात सगळ्यात आधी भेट आहे. विश्रामपूरच्या राजाने राजगायकाला दिलेली. पदाबरोबर हवेली येते, मान येतो, आणि ही कट्यार येते, जिच्याने केलेला एक खून माफ आहे.

ही अट नीट वाचावी. हवेली राजा आपल्या खजिन्यातून देतो. कट्यारीबरोबर तो जे देतो ते खजिन्यातले नाही. शिक्षा करण्याचा आणि माफ करण्याचा अधिकार ही राजाची स्वतःची गोष्ट, आणि त्यातला नेमका एक तुकडा तो गवयाला तोडून देतो. एकच खून. म्हणजे ही भेट मोजून दिलेली आहे, नाण्यासारखी. वापरली की संपली. वापरेपर्यंत मात्र ती सतत शिल्लक असते, आणि तिची किंमत शिल्लक असण्यातच आहे. आता विचार करा, अशी भेट घरात आली म्हणजे काय होते. देणारा राजा आणि घेणारा गवई यांच्यात काहीच तुटत नाही, उलट बांधिलकी वाढते. बदलते ते तिसऱ्याचे. हवेलीत येणारा-जाणारा प्रत्येक माणूस, शिष्य, नोकर, प्रतिस्पर्धी, त्या एका माफ खुनाचा संभाव्य धनी होतो. पात्याच्या भेटीबद्दलची लोकसमजूत दोनच माणसांचा विचार करते. दारव्हेकरांच्या नाटकाने तिसरा माणूस आणून उभा केला, आणि तो म्हणजे सदाशिव.

सदाशिव पंडित भानुशंकरांच्या बाजूचा. तो गाणे मागायला येतो. खाँसाहेब ते देत नाहीत. मग तो लपूनछपून, चाकराच्या वेषात, घराणे कानांनी उचलतो. इथे नाटकाची खरी मांडणी दिसते: ज्या हवेलीत गाणे द्यायला नकार आहे, त्या हवेलीत कट्यार मात्र मिळालेली आहे. जे द्यायचे ते दिले जात नाही, आणि जे द्यायला नको होते ते राजाने देऊन ठेवले आहे. गाणे दिले असते तर कट्यारीचे काम पडले नसते. आणि सदाशिव विद्या घेतो कशी? ती त्याच्या हातात कुणी ठेवत नाही. ती हवेत सांडलेली असते, आणि तो ती उचलतो. मला तरी इथे 'हातात देऊ नये, खाली ठेवावे, त्याने उचलावे' हा घरगुती नियम आठवल्याशिवाय राहत नाही. लेखकाच्या मनात तो असेल असे मी म्हणत नाही. पण विद्या ही धारेची वस्तू आहे, आणि बरोबरीच्या घराण्यांत ती हातोहात जात नाही, हे नाटकाला पक्के माहीत आहे. शेवटी कट्यार उगारली जाते, तरी तिने रक्त सांडत नाही. राजाने दिलेला एक खून न वापरता शिल्लक राहतो. समीक्षकांनी याला कलेचा विजय म्हटले. मी त्याला भेट नाकारणे म्हणेन. खाँसाहेब ती राजाला परत करत नाहीत, पण तिच्यातले जे देणे होते ते घेत नाहीत.

२०१५ च्या दिवाळीत आलेल्या सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटाने सुडाचे धागे वाढवले, कट्यार पडद्यावर चकाकली, आणि नव्या पिढीला ही कथा मिळाली हे चांगलेच झाले. पण चकाकीत तिचे भेटपण आणखी मागे गेले. सुडाला कुठलीही सुरी चालते. दारव्हेकरांच्या गोष्टीला दिलेलीच कट्यार लागते.

या नाटकावरून जे सूत्र मला दिसते ते असे. पाते वरून खाली सहज दिले जाते: राजा गवयाला, सरदार शिलेदाराला. ते खालून वरही जाते. अडचण होते ती बरोबरीच्यांत, मित्रांत, व्याह्यांत, भावाबहिणींत. कारण वरचा-खालचा असेल तर पाते कुणाच्या विरुद्ध उचलले जाणार नाही हे ठरलेले असते. बरोबरीत ते ठरलेले नसते. अडकित्ता बरोबरीत चालतो, कारण त्याची धार आपसांत मिटलेली आहे. नवरदेवाच्या हातातल्या, टोकाला लिंबू खोचलेल्या कट्यारीचेही तसेच. ती बहुधा लग्नापुरती मागून आणलेली असते आणि हळद उतरली की परत जाते. टिकून राहणारी धार जावयाच्या हातात कुणी देत नाही.

इतिहासात वर जाणाऱ्या पात्यांची उदाहरणे आपल्याला नको तितकी परिचित आहेत. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरकडून तलवार नजर झाली तेव्हा गादीवरचे चौथे शिवाजी महाराज बारा वर्षांच्या आसपासचे होते. त्या वयाच्या राजाने साम्राज्याच्या वारसाला दिलेल्या वस्तूला 'भेट' म्हणायचे की नाही, हा प्रश्न आपण विचारत नाही. ती भवानी की जगदंबा यावर मात्र पिढ्या भांडल्या, आणि १९८० च्या सुमारास अंतुले यांनी मुख्यमंत्री म्हणून ती परत आणण्याची घोषणा केली. वाघनखांचीही तीच कथा. साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांना ती पेशव्यांच्या प्रधानाने दिली असे पेटीवरचा मजकूर सांगतो. डफ साताऱ्याला आले तेव्हा पेशवाईच संपली होती. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनेही ती महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री दिलेली नाही. २०२४ च्या जुलैत ती साताऱ्यात आली ती तीन वर्षांसाठी उसनी. आणि २०२५ मध्ये रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात ४७ लाखांहून अधिक मोजून विकत घेतली. नजर, उसनवारी आणि खरेदी: तीन पात्यांचे तीन व्यवहार. यातला सर्वांत स्वच्छ शेवटचा, असे माझे मत आहे. त्यात कुणी कुणाचा उपकृत नाही.

खालून वर जाणाऱ्या पात्याची आजची आवृत्ती राजकीय व्यासपीठावर असते. कार्यकर्ते नेत्याला तलवार भेट देतात, नेता ती म्यानातून काढून उंचावतो, छायाचित्र निघते. २०२२ मध्ये मुंबई-ठाण्यात अशा उंचावलेल्या तलवारींवरून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. कायदा या बाबतीत घरातल्या आजीइतकाच व्यवहारी आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते तो शस्त्र धरतो, पण घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेले असेल तर सोडून देतो. लांबीइतकेच महत्त्व तो कशासाठी याला देतो.

राहिला तो एक रुपया. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ मध्ये भेटीवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा असा की भेट कधीच फुकट नसते. ती घेणाऱ्याला बांधते, आणि परतफेडीचे ओझे ठेवते. विक्रीत हे ओझे नसते. पैसे दिले, माल घेतला, दोघे मोकळे. सुरीच्या बदल्यात रुपया देणे म्हणजे भेटीचे सोंग विक्रीत बदलणे. पाते आले पण बंधन आले नाही, म्हणून कापायला काही उरले नाही. युक्ती हुशार आहे. पण आपल्याकडे हाच रुपया दुसरेही काम करतो. आहेराच्या पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. शंभराचे एकशे एक, पाचशेचे पाचशे एक. पूर्ण आकड्यावर हिशेब संपतो, तो संपू नये, पुढे चालू राहावा म्हणून तो वरचा एक. एकाच घरात, एकाच समारंभात, एक रुपया नाते चालू ठेवायला दिला जातो आणि दुसरा नाते मध्ये येऊ नये म्हणून. पहिला देणारा देतो, दुसरा घेणारा. घाटकोपरच्या एखाद्या वास्तुशांतीत पाकीट आणि सुरीसंच दोन्ही येतात, तेव्हा ही दोन नाणी एकाच टेबलावर आमनेसामने पडलेली असतात, आणि त्यांच्या विसंगतीकडे कुणाचे लक्ष जात नाही. मला यात रुपयाची हार दिसत नाही. आपल्या समाजाला भेट आणि व्यवहार यांच्यातली रेघ कधीच पक्की हवी नव्हती. बलुत्यातही ती पक्की नव्हती.

सगळीकडे असे आहे असेही नाही. फिनलंडमध्ये पुक्को नावाची कमरेची सुरी ही मानाची भेट आहे. नेपाळात खुकुरी देऊन पाहुण्याचा सन्मान करतात. जपानात सुरीने नाते तुटते अशीही समजूत आहे आणि सुरी पुढची वाट मोकळी करते असाही अर्थ लावला जातो. कोणता अर्थ घ्यायचा ते त्या घराने ठरवायचे. युरोपातल्या नाण्याच्या चालीत एक बारीक खुबी आहे. कित्येकदा देणाराच एक नाणे पात्याला चिकटवून देतो, म्हणजे घेणाऱ्याला खिसे चाचपावे लागू नयेत. त्याने ते सोडवून परत करायचे, आणि सौदा पुरा. किंमत देणाऱ्याचीच, वस्तूही देणाऱ्याचीच, घेणाऱ्याचा फक्त हात.